खाता येईल असं कुंपण: इंदूरच्या काळ्या मातीत काय लावावं आणि कैची कधी चालवावी

घराच्या बाउंड्रीला मेंदी नाहीतर डुरांटा लावायचा आणि दर महिन्याला माळी बोलवून तो चौकोनी कापून घ्यायचा, ही आपल्या इंदूरच्या कॉलन्यांची ठरलेली पद्धत. बाउंड्रीच्या त्याच पट्टीत करवंदं, फालसे, तुती, लिंबं येऊ शकतात, आडोसा तेवढाच मिळतो आणि पाणीही फार जास्त लागत नाही, मग का नाही लावायचं? लावाच. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, कारण नर्सरीवाला ती सांगत नाही आणि यूट्यूबवरही कुणी धड सांगत नाही.

झाड निवडताना लोक फळ बघतात. माझं म्हणणं, आधी कैची बघा. कुंपण म्हटलं की छाटणी आलीच, आणि प्रत्येक झाडाचं फूल कोणत्या फांदीवर येतं ते वेगळं असतं. काहींना फळ नव्या फुटव्यावर येतं, ती जोरात छाटली तरी उलट जास्त फळतात. काहींना फांदीच्या शेंड्याला फूल येतं, आणि नेमके तेच शेंडे माळी दर महिन्याला उडवत असतो. मग लोक म्हणतात की पाच वर्षं झाली, नुसती पानंच येतात, रोपच खराब दिलं. रोप चांगलंच असतं हो, त्याला फुलायला वेळच मिळत नाही. त्यामुळे खाली प्रत्येक झाडाबरोबर छाटणीचा महिनाही सांगतोय, तो जमणार असेल तरच ते झाड घ्या. आणि दर महिन्याला इस्त्री केल्यासारखं सपाट कुंपणच हवं असेल तर सरळ मेंदी लावा, त्यात काही कमीपणा नाही.

सगळ्यात आधी करवंद. नर्सरीत करौंदा म्हणून मागा. काटे असे की मांजरसुद्धा विचार करून आत शिरेल, पानं बारा महिने हिरवी, एकदा मूळ धरलं की आपल्या मे महिन्याच्या 42 डिग्रीत पण आठवडाभर पाणी नाही मिळालं तरी तक्रार नाही. गाई-बकऱ्या फारसं तोंड लावत नाहीत. रस्त्याच्या बाजूला कुंपण हवं असेल आणि एकच झाड निवडायचं असेल तर मी डोळे मिटून करवंदच सांगेन. सह्याद्रीत डोंगराची काळी मैना म्हणून पानांच्या द्रोणात विकतात ती रानकरवंदं लहान असतात, बागेतल्या जातींची फळं बरीच मोठी येतात. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन, पंत सुवर्णा आणि दापोलीची कोकण बोल्ड ही नावं लक्षात ठेवा, विचारून बघा, पण साध्या नर्सरीत बहुतेक वेळा बियांपासून केलेलं बिननावाचं रोपच मिळतं आणि कुंपणासाठी ते चालतं. फरक इतकाच की बियांच्या रोपांत कुणाची फळं पांढरी-गुलाबी, कुणाची गडद जांभळी, कुणाची जास्त आंबट असं निघू शकतं. लोणच्या-चटणीला सगळी सारखीच.

करवंदाला फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्यांकडे पांढरी वासाची फुलं येतात, मे-जूनला कच्ची फळं लोणच्याची होतात आणि पिकतात पावसात. म्हणून छाटणी एकदाच, शेवटची फळं काढली की, म्हणजे ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर. त्यानंतर डिसेंबरात "जरा शेप देऊ" म्हणून कैची लावली की पुढच्या वर्षीची फुलं गेली समजा. माळ्याला हे नीट बजावून सांगा, तो ऐकत नाही, परत सांगा. छाटताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चष्मा घाला, आणि कापलेल्या काटेरी फांद्या लगेच उचला, चपलेतून आरपार जातात. चीक पांढरा आणि चिकट असतो, फळं चिरायच्या आधी हाताला तेल लावा आणि चिरलेली फोड मिठाच्या पाण्यात टाकत जा. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर असल्यामुळे जेली छान जमते. आणि केकवर जी लालभडक चेरी असते ना, ती आपल्याकडे पुष्कळदा साखरेच्या पाकात घातलेलं, रंगवलेलं करवंदच असतं. आपल्या घरी मात्र मिरची घालून परतलेली करवंदं पोळीबरोबर, पावसाळ्यात दुसरं काही लागत नाही.

दुसरा नंबर फालशाचा, आणि याचं मला फार वाईट वाटतं की लोक विसरत चाललेत. उन्हाळ्यात हातगाडीवर टोपलीत मीठ लावून मिळतात ते जांभळे दाणे. फळ तोडल्यावर एक-दोन दिवसांत मऊ पडतं म्हणून दुकानात टिकत नाही, म्हणजे घरी झाड असणं हाच त्यावरचा उपाय. कुंपणाच्या दृष्टीने फालसा म्हणजे आळशी माणसाचं झाड. याला फळ त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर येतं, त्यामुळे डिसेंबर अखेर ते जानेवारीत पानं गळली की अख्खं झाड तीन-साडेतीन फुटांवर बिनधास्त कापून टाकायचं. जितकी मन लावून छाटणी तितका फुटवा आणि तितकी फळं. एप्रिल अखेरपासून जूनपर्यंत फळं पिकतात, पण सगळी एकदम नाही, दिवसाआड टोपली घेऊन फिरावं लागतं. एक अडचण आहे ती सांगून ठेवतो, थंडीत हे उघडंबोडकं दिसतं. समोरच्यांची गॅलरी थेट आपल्या अंगणात बघते अशी जागा असेल तर तिथे नुसता फालसा नको. बाजूच्या, आतल्या भिंतीला ठीक.

तुतीचं, म्हणजे शहतूतचं, पण तसंच. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी पावसाळ्यात ओल्या मातीत खोचली की बहुतेक लागते, विकत घ्यायची पण गरज नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून छाटणीच्या वेळी मागून घ्या. एक-दोन वर्षांत फळ. फेब्रुवारी ते एप्रिल हा मुख्य मोसम, तो संपला की मे अखेर-जूनमध्ये छाटा, पावसात परत भराभर वाढून कुंपण भरून जातं. कधी कधी छाटून पानं काढली की नव्या फुटीबरोबर मधेच एखादा बहर येतो, तो बोनस समजायचा. पण दोन गोष्टी. एक तर याची मुळं जोरकस असतात, ड्रेनेज लाइन आणि पाण्याच्या टाकीपासून पाच-सहा फूट तरी लांब ठेवा. दुसरं म्हणजे पिकलेली तुती खाली पडून फरशीवर जे डाग पडतात ते सहज निघत नाहीत, त्यामुळे पांढरी टाइल, कार पार्किंग आणि कपडे वाळत घालायची दोरी यांच्या जवळ अजिबात नको. बुलबुल आणि कोकिळा येणारच. वरच्या फांद्या त्यांच्या, खालच्या आपल्या, असा करार करून टाका.

आता जी झाडं कुंपणात बसतात पण जरा सांभाळून.

लिंबू, कागदी लिंबू, काटे आहेत, सदाहरित आहे, स्वयंपाकघराच्या बाजूला दोन-तीन लावली तर वर्षभर विकत आणायला नको. पण याला छाटणी कमीत कमी हवी, फक्त वाळक्या, आत घुसलेल्या आणि बुंध्यापासून सरळसोट वर जाणाऱ्या फांद्या काढायच्या, म्हणून हे अंतर ठेवून, मोकळं कुंपण म्हणूनच लावा. आणि काळ्या मातीत पाणी साचलं की बुंध्यातून डिंक यायला लागतो, मग झाड हळूहळू जातं, तेव्हा उंचवट्यावरच लावायचं आणि पाणी बुंध्याला टेकू द्यायचं नाही. पानं खाणाऱ्या अळ्या सुरुवातीला पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. दोन-चार असतील तर हाताने उचला. त्यांची पुढे सुंदर फुलपाखरं होतात, पण लहान रोपाची सगळी पानं त्या दोन दिवसांत फस्त करतात.

डाळिंब दिसायला सुंदर, खालपासून झुडपासारखं वाढतं, लाल फुलं. कुंपणात एखाद-दुसरं शोभेला ठीक आहे. पण पूर्ण कुंपण डाळिंबाचं करू नका असं माझं स्पष्ट मत. दाटीत हवा खेळत नाही, आपल्या पावसाळ्यात तेल्या रोगाचे डाग येतात, आणि फळात अळी शिरते ती वेगळीच. लावलंच तर फळ लिंबाएवढं झालं की कापडी पिशवी बांधा आणि पाण्यात खूप चढउतार करू नका, नाहीतर फळं तडकतात.

पेरूचं कुंपण होतं हे ऐकून लोकांना नवल वाटतं. होतं. पेरूला फळ नव्या फुटीवर येतं आणि तो छाटणी अगदी आनंदाने सोसतो, आजकाल बागायतदार मुद्दाम दोन मीटर बाय एक मीटर असे दाट लावून, छाटून छाटून ठेंगणे ठेवतात, तीच युक्ती आपण भिंतीलगत करायची. मे महिन्यात नवी फूट निम्म्याने छाटली की पावसाळी बहर कमी होतो आणि हिवाळ्याचा वाढतो, हा फायद्याचाच सौदा आहे कारण पावसाळी पेरूत फळमाशीच्या अळ्या फार, आणि थंडीतला पेरू गोड.

बार्बाडोस चेरी काही नर्सऱ्यांत वेस्ट इंडियन चेरी म्हणून मिळते. काटे नाहीत, पानं बारीक चकचकीत, दाट होते, लाल आंबटगोड फळं पावसाळ्याच्या आगेमागे टप्प्याटप्प्याने येतात आणि व्हिटॅमिन सी साठी तर प्रसिद्धच आहे. लहान मुलं असलेल्या घरी करवंदाच्या काट्यांची भीती वाटत असेल तर ही लावा. मात्र कडाक्याची थंडी तिला मानवत नाही. माळव्यात एखाद्या जानेवारीत पाला पडतो, म्हणजे दव गोठतं, तेव्हा पहिली दोन वर्षं रात्री जुनं कापड टाका आणि संध्याकाळी थोडं पाणी द्या.

सीताफळ शहरातल्या प्लॉटला मी नाही सुचवणार, खालून उघडं पडतं आणि आडोसा होत नाही. पण कुणाचं महू किंवा सांवेर रोडला शेत किंवा फार्महाऊस असेल तर तिथे जरूर, कारण बकऱ्या त्याचं पान खात नाहीत आणि मुरमाड, हलक्या जमिनीतही ते जगतं. बोर पण शेताच्या बांधालाच बरं, त्याची छाटणी मे मध्ये जोरात करायची आणि फळं थंडीत. जंगल जलेबी, म्हणजे विलायती चिंच, दाट पेरून छाटत राहिलं तर भक्कम काटेरी भिंत होते, पण छाटत राहिलं की शेंगा फार कमी, आणि छाटलं नाही तर मोठा वृक्ष. आवळा, जांभूळ, आंबा हे कुंपणाचे नाहीतच, कुणी कितीही सांगू देत.

आणि एक महत्त्वाचं. खायच्या कुंपणात न खायचं झाड मधे नको. डुरांट्याची पिवळी गोल फळं दिसायला इतकी गोड, पण विषारी. कण्हेर विषारी, पिवळ्या कण्हेरीची बी तर फारच. घाणेरीची हिरवी फळं विषारी. गावाकडे कुंपणाला रतनजोत, म्हणजे मोगली एरंड, लावतात त्याच्या बिया खाऊन मुलं आजारी पडतात. एकदा मुलांना कुंपणावरून तोडून खायची सवय लागली की ती कुठलं करवंद आणि कुठलं काय असा विचार करत नाहीत, तेव्हा जुना डुरांटा ठेवून त्यातच करवंद घुसवायचं असा शॉर्टकट नको. मुळासकट काढा.

आता जमीन. आपली माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून चिखल, पाणी खाली उतरायला मागत नाही. लोक काय करतात, दोन बाय दोनचा खड्डा खणून त्यात मस्त भुसभुशीत माती, वाळू, खत भरतात. आजूबाजूला सगळी घट्ट चिकणमाती असल्यामुळे पावसात सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन थांबतं आणि मुळं सडतात. त्यापेक्षा वेगवेगळे खड्डे न करता पूर्ण लांबीचा एक चर घ्या, दीड-दोन फूट रुंद, दीड फूट खोल, आणि त्याला एका टोकाला पाणी बाहेर जाईल असा थोडा उतार द्या. खणलेल्या मातीतच साधारण चौथा हिस्सा मुरूम आणि चौथा हिस्सा चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळून परत भरा, आणि वर आठ-नऊ इंचाचा वरंबा करा. रोपं वरंब्यावर. हे काम मे अखेरीस करून ठेवायचं, पाऊस सुरू झाल्यावर ओल्या काळ्या मातीत फावडं घालायला जाऊ नका, ढेकळं विटेसारखी होतात.

कंपोस्टच्या बाबतीत तर इंदूरवाल्यांनी कुणाकडून शिकायची गरजच नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आज जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथे, पालापाचोळा, शेण आणि माती थर लावून, पलटी मारत कुजवायची पद्धत बसवली आणि ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. घरच्या कोपऱ्यात तेच करा. फक्त रोपांना कच्चं शेण टाकू नका, त्याला वाळवी लागते आणि मग ती रोपाच्या बुंध्यात शिरते.

भिंतीपासून अंतर किमान दोन-अडीच फूट ठेवा, नाहीतर मागची बाजू ना छाटता येते ना फळ काढता येतं, आणि शेजाऱ्यांकडे गेलेल्या फांद्यांवरून उगाच बोलाचाली होते. रोपांमधलं अंतर: करवंद अडीच फूट, तुती तीन, फालसा आणि बार्बाडोस चेरी तीन ते चार, पेरू साधारण चार, लिंबू आठ. म्हणजे आपल्या तीस फूट फ्रंटच्या प्लॉटला गेटचे दहा फूट सोडले तर वीस फुटांत करवंदाची नऊ रोपं पुरतात. गेटच्या बाजूला आणि मीटरच्या डब्याजवळ काटेरी झाड नको, लाइटवाला शिव्या देईल. ऊन दिवसाचं सहा तास तरी हवं, कडुनिंबाच्या किंवा तिमजली बिल्डिंगच्या सावलीत पानं येतील, फळं नाही.

मिक्स लावायचं की एकच? माझं उत्तर असं, मिक्स लावा पण खिचडी करू नका. एका बाजूला सलग एकच झाड, दुसऱ्या बाजूला दुसरं. कारण परत तेच, छाटणीचा महिना. करवंद-फालसा-करवंद-फालसा असं आळीपाळीने लावलं की जानेवारीत माळी फालशाबरोबर करवंदाचे पण शेंडे घेऊन जातो. रस्त्याकडे करवंद, एका बाजूला फालसा, मागे तुती, स्वयंपाकघराकडे दोन लिंबं आणि एक-दोन पेरू, एवढ्यात फेब्रुवारी ते ऑगस्ट काही ना काही तोडायला असतं आणि थंडीत पेरू.

लावायची वेळ, एक-दोन चांगले पाऊस होऊन गेले की, म्हणजे जून अखेर ते जुलै. फुटा-दीड फुटाचं रोप घ्या, मोठं महागडं घेऊ नका, लहान रोप लवकर मूळ धरतं आणि पिशवीत मुळं गोल गोल गुंडाळलेली नसतात. लावल्यावर महिन्याभराने, नवी पालवी दिसली की शेंडा एक फुटावर खुडायचा. मन होत नाही, पण हे केलंच पाहिजे, नाहीतर झाड वर पळतं आणि कुंपणाला खालून कुत्री आरामात ये-जा करतात. पुढे पण पहिली दोन वर्षं फळाचा विचार सोडून नुसता आकार, खाली रुंद आणि वर किंचित अरुंद. उलटं झालं की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि त्या वाळतात.

पाणी पहिले दोन उन्हाळे लक्ष देऊन. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तिथे ड्रिपची एक लाइन टाकून त्या वेळेला अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, पुष्कळ झालं. बुंध्याभोवती सोयाबीनचा नाहीतर गव्हाचा भुसा चार बोटं जाड पसरवा, माळव्यात त्याला तोटा नाही, काळ्या मातीच्या भेगा त्याने बऱ्याच आटोक्यात राहतात, मात्र खोडाला टेकवू नका, वाळवी. तिसऱ्या वर्षापासून करवंदाला उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी पुरतं. फालसा आणि लिंबाला फळं धरली असतील तेव्हा जास्त, तीन-चार दिवसांनी.

औषधाचं म्हणाल तर कुंपणावर मिलीबग, म्हणजे तो पांढरा कापसासारखा किडा, पेरूवर हमखास येतो. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड साबण, संध्याकाळी मारा, आठ दिवसांनी परत. कॉलनीत फवारणीवाला फिरत आला आणि "भिया, तुमच्या हेजवर पण मारून देऊ का" म्हणाला तर सरळ नको म्हणा, टाकीत काय आहे ते त्याला पण माहीत नसतं. रस्त्याकडच्या बाजूची फळं धुळीमुळे दोनदा धुवून घ्या, तुती आणि फालसा चोळू नका, चाळणीत ठेवून नुसती पाण्याची धार सोडा.

करवंदं पहिल्यांदा तिसऱ्या वर्षी येतील, वाटीभरच. त्यातली जी रोपं मोठी आणि गोड फळं देतात त्यांच्या बुंध्याला रिबन बांधून ठेवा, बी काढून धुवून त्याच आठवड्यात पिशवीत पेरा कारण करवंदाचं बी वाळलं की उगवत नाही, नाहीतर पावसात गुटी बांधा, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून मग ती कापून लावा. उरलेली बाजू त्याच रोपांनी भरता येते.